मिरवणुकीनंतरचा वाद

मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात नोकरी करतो. गारपीट झाली किंवा नदीचं पाणी उसात शिरलं, की आम्ही गावोगाव जाऊन नुकसानीचे पंचनामे करतो. पिकाचं नुकसान तेहतीस टक्क्यांच्या खाली असलं तर ते सरकारी हिशेबात धरलं जात नाही. शेतकरी बांधावर उभा राहून आडवं पडलेलं पीक दाखवतो. मलाही ते दिसतं, पण माझ्या तक्त्यात त्याला जागा नसते. या गोष्टीची मला सवय आहे. आण्णाच्या डोळ्याचं पुढं जे झालं ते इतरांच्या आधी माझ्या लक्षात आलं, ते या सवयीमुळं. लक्षात आल्यानं उपयोग काही झाला नाही.

आण्णा माझा थोरला भाऊ. पलूसच्या पलीकडं, कृष्णेच्या काठावरच्या आमच्या गावात तो शेती बघतो. मी सांगलीत राहतो आणि सणावाराला गावी जातो. गावात मोहरमला पीर बसतात, म्हणजे काठीवर चढवलेले धातूचे पंजे. त्यातला मोठा पितळी पंजा वर्षभर पिराची सेवा करणाऱ्या मुजावरांच्या घरी पेटीत असतो आणि शेवटच्या दिवशी तो नदीवर न्यायचा मान आमच्या घराकडं आहे. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे आणि वडील माळकरी होते. तरी पंजा आमच्याच माणसानं उचलायचा. का, हे मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वडिलांनी उचलला, त्यांच्यानंतर आण्णानं. नियम एवढाच की एकदा उचललेला पंजा नदी येईपर्यंत खाली टेकवायचा नाही आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही.

त्या वर्षी मी मिरवणुकीत आण्णाच्या मागंच होतो. दुपारची वेळ होती. पुढं ढोल, मग लहान पंजे, मग आण्णा. गावाबाहेर खताच्या गोदामापाशी रस्ता नदीकडं वळतो. तिथं मोटारसायकल लावून दोन पोरं थांबलेली. आधी एक दगड ढोलावर आला. वाजवणाऱ्याला वाटलं, चामडं फाटलं. मग आणखी दोनतीन आले. त्यातला एक आण्णाच्या डाव्या डोळ्यावर लागला. पोरं ओरडली, गाडीवर बसली आणि निघून गेली. काय ओरडली ते मी इथं लिहीत नाही. रस्त्यावरून भांडणारा माणूस तसं ओरडत नाही, एवढं सांगतो. मी गाडीचा नंबर पाठ केला. नंबर माझ्या डोक्यात राहतात.

आण्णाच्या गालावरून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं. मुजावरचाचा पुढं धावले. ते सत्तरीचे आहेत आणि आण्णाला त्यांनी लहानपणापासून बघितलंय. खाली बस, म्हणाले.

"आन् ह्ये टेकवू कुठं?" आण्णा म्हणाला.

रस्त्यावर धूळ होती, बाजूला गटार. घ्यायला कुणी हात पुढं केला नाही, कारण तसं करायचं नसतं. ढोल बंद झाला होता. आण्णानं चाला म्हटल्यावर आम्ही चाललो. नदी तिथून पाऊण तासाच्या वाटेवर आहे. मी त्याच्या डाव्या बाजूला आलो आणि खड्डा आला की सांगत गेलो. तो फक्त हुं म्हणायचा.

नदीवर चाचांनी पंजा घेतला. फुलं पाण्यात सोडली. पंजाचं कापड रीतीप्रमाणं तिथंच धुतलं, त्यावरचं रक्तही त्यात गेलं. पंजा नव्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवला. मग आण्णा घाटाच्या पायरीवर बसला आणि आम्ही जीप आणायला गेलो. मिरजेला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टरांनी डोळा तपासला आणि इतका वेळ कुठं होता, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. तो डोळा गेला. लगेच आणलं असतं तर वाचला असता का, हे मी विचारलं होतं. नक्की सांगता येणार नाही, असं ते म्हणाले, आणि ते मला बरं वाटलं.

दवाखान्यात गावचे लोक येऊन गेले. आण्णाचा एक वर्गमित्र फौजेतून निवृत्त होऊन आलाय. त्यानं पट्टी बघितली आणि म्हणाला, "आता फुडल्या साली नदी निम्मीच दिसायची गड्या. अर्ध्या वाटंतनं माघारी यिऊ नगंस." आण्णा हसला. तो हसल्यावर वहिनी बाहेर गेल्या. फुडल्या साली हा शब्द त्या दिवसांत आण्णाच्या तोंडी सारखा यायचा. एका डोळ्यानं अंतर नीट कळत नाही, म्हणून तो खाटेवर बसून पाण्याच्या तांब्याला हात लावून बघायचा. मी विचारलं तर म्हणाला की पंजा उचलायचा तर सवय पाहिजे.

फिर्याद द्यायला आम्ही ठाण्यात गेलो. तिथले साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आण्णाला खुर्ची दिली, चहा मागवला. मग विचारायला सुरुवात केली. दगड लागला कधी, दवाखान्यात गेलात कधी, मधला वेळ कुठं होता. आण्णानं सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. डोळा फुटलेला माणूस पाऊण तास चालत नदीवर जातो, हे वर कुणाला पटणार नाही, म्हणाले. रक्ताचं कापड आहे का? धुतलं. पंजावर काही खूण? पेटी आता पुढच्या मोहरमला उघडायची. दवाखान्याचा कागद संध्याकाळचा होता. तोवर मिरवणूक विसर्जित झाली होती. पोरं माझ्या नंबरावरून सापडली होती आणि तीही तेच सांगत होती: मिरवणूक संपून लोक परत येत होते, गाडीला वाट देण्यावरून बोलाचाली झाली.

मी म्हणालो की गावातली पन्नास माणसं साक्ष देतील. साहेबांनी मान हलवली. ती सगळी मिरवणुकीतलीच असणार, म्हणाले. मग त्यांनी मला समजावलं, एक नोकरदार दुसऱ्याला समजावतो तसं.

"जखमी हिंदू, मारणारे हिंदू. मग ह्यात धार्मिक कुठं लिहू, तुम्हीच सांगा."

दगड मिरवणुकीला मारला होता, आणि मिरवणूक पिराची होती, असं मी म्हणालो.

"मिरवणूक फिर्याद देत नाही हो. माणूस देतो."

हे बरोबर होतं. आमच्याकडंही ऊस अर्ज करत नाही. साहेब पुढं म्हणाले की तरीही तुम्ही आग्रह धरला तर मी धार्मिक मिरवणुकीवर हल्ला असं लिहीन. मग ते जिल्ह्याला जाईल. गाव संवेदनशील म्हणून नोंदलं जाईल. पुढच्या वर्षी परवानगीचा विचार होईल. मिळाली तर रस्ता आम्ही ठरवू, माणसं आम्ही ठरवू. वैयक्तिक वाद लिहिलं तर हे इथंच मिटतं. पोरांवर मारहाणीचा गुन्हा तर लागतोच. दोन दिवस घ्या, म्हणाले.

त्या दोन दिवसांत घरी बरेच लोक आले. सरपंच आले, हिंदू-मुसलमान दोन्हीकडची वडीलधारी आली. सगळ्यांना वाटत होतं की वाद लिहावा. कुणी दमदाटी केली नाही. सगळे आण्णाला नीट बसवून, पाणी देऊन बोलले. मी एकटा विरुद्ध होतो, कारण घडलेलं एक आणि लिहिलेलं दुसरं, हे मला सोसत नाही. आण्णा चाचांची वाट बघत होता. ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले आणि उंबऱ्याच्या आत येईनात. तिथंच बसले.

"तुझ्या डोळ्याचं रीन माझ्या घरावर हाय, बाळा," ते म्हणाले. "पर धार्मिक लिवलं तर पीर उठायचा न्हाई. उठला तर पोलिसांच्या मदी उठंल."

"माझं त्या पोरांशी भांडान न्हाई, चाचा. त्यांची तोंडंबी बघितली न्हाईत मी."

"मला म्हाईत हाय."

आण्णानं विचारलं, "वाद लिवला तर फुडल्या साली उठंल न्हवं?"

"उठंल."

"आन् मी उचलायचा?"

"तुझ्याबिगर कोन उचलणार हाय?"

तेवढ्यावर ठरलं. ठाण्यात मी त्याला जबाब वाचून दाखवला. मिरवणूक संपल्यानंतर घरी परतत असताना, रस्त्याने जाण्याच्या कारणावरून शाब्दिक वाद होऊन, असं त्यात होतं. त्यानं सही केली. पोरांना जामीन मिळाला. पुढच्या आठवड्यात पेपरात आलं की तालुक्यात मोहरम शांततेत पार पडला. मी कचेरीत डबा खाता खाता ते वाचलं. राग यायला हवा होता. मी भाजी संपवली आणि हात धुतले.

वर्षभर आण्णा सराव करत होता. वैरणीच्या शेडमध्ये त्यानं पंजाच्या वजनाचा बांबू करून ठेवला होता, वर लोखंडी तुकडा बांधलेला. संध्याकाळी तो धरून गोठ्यापासून विहिरीपर्यंत जायचा. पहिले काही महिने तो डावीकडं जायचा. मग सरळ जायला लागला. वहिनी फोनवर मला हे सांगायच्या. त्यांना ते आवडत होतं की नाही, ते मला आवाजावरून कळलं नाही.

मोहरमच्या आधी ठाण्यातून नोटीस आली. अशीच नोटीस त्या दोन पोरांच्या घरीही गेली होती. मिरवणुकीच्या काळात वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांनी सणात शांतता राखावी, मिरवणुकीत सामील होऊ नये, तसं लिहून द्यावं. आण्णा दोन्ही पक्षांपैकी एक होता.

मी ठाण्यात गेलो. जुने साहेब बदलून पाटणकडं गेले होते. नव्या साहेबांनी कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. कागदात वाद होता आणि खाली आण्णाची सही होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं की हा जबाब खोटा होता असं मी आता म्हणतोय का. खोटा असेल तर तो हल्ला होतो. हल्ला असेल तर यंदाच्या परवानगीवर त्यांनी कालच केलेली सही त्यांना परत तपासावी लागेल. मी विचार करायला बाहेर गेलो. ठाण्याच्या आवारात जप्त केलेल्या मोटारसायकली होत्या. मी थोडा वेळ त्यांचे नंबर वाचत उभा राहिलो. मग आत जाऊन नमस्कार केला आणि घरी आलो.

आण्णाला सांगितलं तेव्हा तो गाईला पाणी दाखवत होता. त्यानं बादली रिकामी होऊ दिली.

"पीर उठतोय न्हवं?" तो म्हणाला.

उठतोय, म्हणालो.

"मग तू उचल."

त्याचा मुलगा फौजेत आहे आणि त्याला रजा मिळाली नव्हती. आमच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. मला या कामाची सवय नाही. चाचांनी काठीचा भार घेणारा पट्टा माझ्या कमरेला बांधला. मिरवणूक निघाली तेव्हा ढोलाच्या पुढं पोलिसांची गाडी होती. आमच्या गल्लीत येईपर्यंत माझ्या खांद्याला कळ लागली.

आण्णा ओट्यावर बसला होता. त्याच्या शेजारी एक हवालदार खुर्ची टाकून बसलेला. त्याला तिथंच नेमलं होतं. वहिनींनी त्याला चहा दिलेला दिसत होता. मी जवळ आल्यावर हवालदार उठून उभा राहिला. आण्णा बसूनच माझ्याकडं बघत होता. उजवा डोळा नीट रोखता यावा म्हणून त्यानं मान थोडी वळवली होती.

"खांद्यानं उचलू नगंस," तो मोठ्यानं म्हणाला. "खालचा हात कमरंला लाव."

हवालदार खाली वाकला. "आवं आण्णा, बोलू नगा. म्होरं सायेब हायत."

आण्णानं तोंड मिटलं. मी खालचा हात कमरेला लावला आणि नदीकडं चालत राहिलो.