तोलेदोकाकांचं अर्धं वाक्य

तोलेदोकाकांचं एक वाक्य मी चारचौघांत, त्यांच्याच घरात, अर्धं गिळलं. जीभ अडखळली नव्हती. मी घाबरलो होतो, आणि पुढे कित्येक दिवस घाबरलेलाच राहिलो.

शारजात अल नहदाच्या आमच्या टॉवरमध्ये काका एकटे राहत. मूळचे सांगलीकडचे, इथे ड्राफ्ट्समन. आयुष्यात एकदाच मोठी सुट्टी घेतली, ती स्पेनला जायला. आधी मुसलमान आणि मग ख्रिस्ती राजांच्या अमलाखाली गेलेल्या तिथल्या राज्यांचा इतिहास त्यांच्या अंगात इतका भिनला होता, की लिफ्टमध्ये भेटले तर तळमजला येईपर्यंत एखादं शहर पडलेलं असे. एकदा ते आम्हाला अल ऐनला जुना पाट दाखवायला घेऊन गेले. तिथे गुडघ्यावर बसून पाण्यात हात घालत म्हणाले, "व्हॅलेन्सियात असेच पाट अरबांनी बांधले. पुढे ख्रिस्ती राजा आला, पण पाण्याच्या पाळ्या त्याने तशाच ठेवल्या. उसाला पाणी देणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं."

तोलेदो शहर मात्र त्यांचं लाडकं, म्हणून तर ते तोलेदोकाका. तिथे अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेताना माणसं जोडीने बसत. एकजण अरबी वाचून बोलीभाषेत सांगे, दुसरा ते लॅटिनमध्ये लिहून काढी. शनिवारी बिल्डिंगमधल्या मुलांना काका तसेच बसवत. माझी मुलगी इरा इंग्रजी वाचून सांगे, दुसरं मूल मराठीत लिही. नियम एकच: "सांगणाऱ्याने गाळायचं नाही, लिहिणाऱ्याने घालायचं नाही."

मुलांच्या निमित्ताने मोठेही येऊ लागले. काकांचं हिंदी कामापुरतं, इतिहास त्यांना मराठीतच सुचे. म्हणून त्यांचं मराठी हिंदीत सांगायला त्यांनी मला जोडीला घेतलं. मला त्याचा अभिमान होता.

त्या शनिवारी खालच्या मजल्यावरचा केरळी ख्रिस्ती जेकब मुलाला घेऊन आला होता. दाराशी आमच्याच टॉवरमधला हानी उभा होता. हा इजिप्तचा, पण शारजातच वाढलेला, हिंदी समजणारा. काका म्हणाले, "कोर्दोबाच्या बलाढ्य वजिराने मौलवींना खूश करायला खलिफाच्या ग्रंथालयातली पुस्तकं जाळली. पाचशे वर्षांनी ग्रॅनडात पाद्र्यांनी अरबी पुस्तकं जाळली. आगीला दोन्हीकडे सारखीच भूक."

तेवढ्यात हानीने फोन उचलून आमच्याकडे रोखला. मौलवींबद्दलची ही क्लिप कुठे जाईल, ऑफिसात कोण पाहील, व्हिसा, इराची शाळा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी वजीर गाळला. फक्त ग्रॅनडा सांगितलं, आणि वर पदरचं घातलं, "पादरी लोग ऐसे ही होते थे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या स्पेनच्या नकाशाकडे वळले. हिंदी त्यांना नीट बोलता येत नसलं तरी समजत होतं. चहाआधीच जेकब मुलाचा हात धरून निघून गेला. घरी जाताना इरा म्हणाली, "बाबा, यू लेफ्ट आउट हाफ."

संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर जेकबने लिहिलं, की मुलांसमोर कुणाच्या धर्माला कमी लेखू नये. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडलो. लिफ्ट टाळून जिन्याने जाऊ लागलो. बेल वाजली की आधी दाराच्या भिंगातून बघायचो. अनोळखी नंबर आला की कट करायचो. काकांचा फोन आला तेव्हा तर मी तो वाजू दिला. पुढे कळलं, ते जेकबकडे जाऊन आले होते. मोडक्या हिंदीत म्हणाले होते, चूक माझी, मी बोललोच अर्धवट. शनिवारचा वर्ग बंद झाला.

मग काकाच दाराशी आले. "कंपनीने खलास म्हटलंय, नोकरी संपली. महिनाअखेर निघतो."

ते जाणार, आणि जेकबच्या मनात ते कायमचे त्या वाक्यानिशी राहणार. मी खाली मान घालून हानीच्या फोनचं सांगितलं.

"अरे, तो नकाशाचा फोटो काढत होता. मला पाठवलाही."

मग खुर्चीत बसून, आवाज न चढवता, ते म्हणाले, "तिकडे ख्रिस्ती अमल पक्का झाल्यावर कोण छुपा ज्यू आहे ते शोधायचे. ज्यू शनिवारी चूल पेटवत नाहीत, म्हणून त्या दिवशी ज्याच्या धुराड्यातून धूर नाही, त्याच्यावर संशय. धुराडी कोण बघायचं? शेजारी. दुष्ट नव्हते रे ते. आपलं नाव येऊ नये म्हणून दुसऱ्याचं सांगायचे."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पण इतके दिवस ज्याला घाबरत होतो तो हानी नव्हता, ऑफिस नव्हतं, माझंच अर्धं वाक्य उघडं पडण्याला मी घाबरत होतो, हे मला त्या खुर्चीसमोर उभं राहून कळलं. मी म्हणालो, "काका, जेकबकडे चला."

त्याचं दार उघडलं. जेकबने त्यांना "आइये, अंकल" म्हटलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी हिंदीत सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात अडकलो.

काका म्हणाले, "तू मराठीत बोल. आज मी सांगतो."

मी बोललो. काका पूर्ण बोलले होते. वजीर मी गाळला. पाद्री असेच असतात, हे मी घातलं. फोन बघून मी घाबरलो, आणि दोष यांनी स्वतःवर घेतला तेव्हाही घाबरलो, म्हणून गप्प राहिलो. मला माफ कर, जेकब. काका शब्द शोधत, थांबत, ते मोडक्या हिंदीत नेत होते. "घाबरलो" दोनदा आलं होतं, तेही त्यांनी दोनदा सांगितलं. फक्त दोष स्वतःवर घेतल्याचं सांगताना त्यांचा आवाज किंचित खाली आला, पण गाळलं नाही.

मग मी त्यांच्याकडे वळलो. "काका, मला माफ करा."

एवढं एकच वाक्य त्यांनी हिंदीत नेलं नाही.