तळाचा थुकपा

सकाळी मी पिंपातल्या पाण्यावरचा बर्फ फोडत होते आणि माझा नवरा, गुर्मेत, बुखारीच्या शेगडीत शेण्या सारत होता. तेवढ्यात दार वाजलं. आमच्या लेहमध्ये ऐन जानेवारीत दार वाजवून कुणी थांबत नाही, सरळ ढकलून आत येतात. म्हणून मी चमकलेच.

दारात शेजारच्या छोरोल. सगळे त्यांना अचे, म्हणजे थोरली बहीण, किंवा आदरानं अचे-ले म्हणतात. मी त्यांची नोमो, धाकटी.

"नोमो," त्या म्हणाल्या, "मला दोन माणसांचा थुकपा करायला शिकव."

गुर्मेतला हसू आवरेना. "अचे-ले, तुमच्या हातचा थुकपा खाऊन तर मी दहावी झालो."

"तेव्हा तू साठांतला एक होतास. तुझ्या एकट्यासाठी कोण चूल पेटवत होतं?"

खरंच होतं ते. एकतीस वर्षं त्यांनी शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक केला. साठ मुलांच्या थुकप्याला, म्हणजे कणकेच्या वाट्या सोडलेल्या रश्शाला, मीठ तीन मुठी, कणीक दोन पराती. सप्टेंबरात निवृत्त झाल्या आणि घरच्या लहान पातेल्यापुढे त्यांचा हातच अडला. कधी खारट, कधी खळ. मग दोघं चहा आणि सातूच्या पिठावर भागवू लागली.

पण आता भागत नव्हतं. त्यांचे यजमान मेमे इशे, म्हणजे इशे आजोबा, त्याच वसतिगृहाचे पहारेकरी, न्यूमोनियातून उठून चार दिवसांपूर्वी घरी आले होते आणि दोन चमच्यांपुढे जात नव्हते. शुक्रवारपर्यंत नीट जेवले नाहीत तर पुन्हा भरती करू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज गुरुवार.

"परत नेलंत तर तिथून येणार नाही, म्हणतो म्हातारा," अचे म्हणाल्या. "आणि बोललेलं करून दाखवायची खोड आहे त्याला."

मी त्यांच्या घरी गेले. छोटं पातेलं चढवलं, वाळवलेलं मटण, सलगम, मूठभर चुरपे, म्हणजे सुकवलेलं चीज, घातलं. अंगठ्यानं कणकेच्या वाट्या दाबून सोडल्या. मीठ चमच्यानं मोजलं. चव छान जमली होती.

मेमेंनी दोन चमचे घेतले. मग चमचा वाडग्याच्या बुडाशी फिरवला, वाडगं कलतं करून आत पाहिलं आणि खाली ठेवलं. भूक मेलेला माणूस असा शोधत नाही.

"मेमे-ले, काय शोधताय?"

"खालचं."

"खालचं काय?"

"काही नाही गं पोरी. चांगला झालाय."

अचे मात्र पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. वसतिगृहात फाटक लावून मेमे सगळ्यांत शेवटी जेवायला येत. तोवर पातेल्याच्या तळाशी उरलेलं असे ते, कणीक विरघळून दाट झालेलं, मटणाचे धागे सुटलेलं, जरासं लागलेलं.

"एकतीस वर्षं मी याला खरवड घातली," अचे म्हणाल्या. "म्हटलं, आता तरी वरचं, ताजं घालावं."

"मी कधी तक्रार केली?" मेमे पुटपुटले.

"केली असती तर काय आवडतं ते तरी कळलं असतं."

वसतिगृहानं निरोपाला दिलेलं मोठं पातेलं गोठ्यात होतं, सलगमांनी भरलेलं. ते रिकामं करून घासलं. मी आणि गुर्मेत आळीभर सांगत फिरलो, आपापली वाडगी घेऊन या. अचेंनी न बघता मूठभर मीठ टाकलं आणि पळी अशी फिरवली की मला वाटलं, आता घंटा होईल आणि पोरं धावत येतील.

दुपारी सव्वीस माणसं गच्चीवर उन्हात बसून जेवली. "लाजू नका, पुन्हा घ्या," अचे प्रत्येकाला दटावत होत्या. पातेलं तळाला गेलं तेव्हा त्यांनी पळीनं खरवडून वाडगं भरलं आणि मेमेंच्या हातात दिलं. आम्ही सगळे दुसरीकडे पाहत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो. मेमेंनी वाडगं संपवलं, बोटानं पुसून घेतलं आणि दुसरं मागितलं.

अचे रिकाम्या पातेल्याला टेकून बसल्या. आठवडाभरात त्यांना मी पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं. मी निघाले तशी त्यांनी माझी बाही धरली.

"नोमो, उद्याही सगळ्यांना जेवायला घेऊन ये. वरचं कुणी संपवल्याशिवाय मला तळ मिळत नाही."