हवालदारांचे रीळ आणि मशीनमावशी

मशीनमावशी कोणतीही फिरणारी वस्तू आधी कानाला लावत आणि मग डोळ्यांनी पाहत. शिलाई मशीनचे शटल असो, मिक्सरचे भांडे असो, की मासे धरायच्या गळाचे जुने परदेशी रीळ असो, क्रम ठरलेला होता. वस्तू कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि हळूहळू फिरवायची. समोरचा बोलू लागला तर मोकळा हात वर करून त्याला थांबवायचे. मग निकाल येई. “एक दात झिजलाय.” किंवा, “ग्रीस वाळलंय, बाकी काय न्हाई.” उघडल्यावर बहुतेक वेळा तेच निघे. नाही निघाले तर, “आज कान सरळ न्हाई माझा,” असे म्हणून त्या पुन्हा ऐकत.

राहुरीच्या बाजारपेठेत त्यांचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान होते. मूळच्या त्या जामखेडच्या. वडील गावोगाव फिरून मशीन दुरुस्त करत. मुलगा नव्हता, म्हणून हत्यारांची पिशवी मुलीच्या हाती आली. लग्नानंतर त्या राहुरीत आल्या, तेव्हा सासरच्यांना हे काम काही दिवस अवघड वाटले. पुढे तेच लोक पाहुण्यांना अभिमानाने दुकान दाखवू लागले. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. बारीक अंगाच्या, नऊवारीवर पुरुषी शर्ट घालणाऱ्या, खिशात कायम दोन स्क्रू-ड्रायव्हर. गावातली लहानथोर माणसे त्यांना मावशीच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी असलेलीसुद्धा.

त्या मोठ्यांपैकी एक म्हणजे हवालदार. लष्करातून निवृत्त होऊन गावी परतलेले, उंच, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांना मुळा धरणावर गळ टाकायचा नाद होता. धरणाच्या काठाला एक जुना पंपघराचा पूल पाण्यात आत जातो. पंप केव्हाच बंद पडले, पूल मात्र धड राहिला. खाली पाणी खोल असल्याने गळवाले त्या पुलावर जमतात. ठेकेदाराची माणसे जाळ्याने मासे धरतात आणि गळवाल्यांकडे काणाडोळा करतात. हवालदार तिथे रोज सकाळी असत. मीही अधूनमधून जात असे.

हवालदारांचे रीळ त्यांनी भिंगारला जुन्या सामानाच्या दुकानात घेतले होते. सगळे पितळ आणि लोखंड, आजच्या प्लॅस्टिकच्या रिळांच्या दुप्पट वजनाचे. पुढे दोरी गुंडाळलेली फिरकी, तिच्याभोवती फिरणारी एक वाटी, वाटीवर तारेची कमान आणि डाव्या बाजूला हँडल. कमान उघडली की दोरी मोकळी सुटते आणि गळ लांब जातो. हँडल फिरवले की कमान मिटते आणि दोरी परत फिरकीवर येते. या कमानीची स्प्रिंग तुटली. असल्या रिळाचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत. हवालदार रीळ घेऊन मावशींकडे आले.

“मावशी, शिलाई मशीन न्हाई, पर फिरतं. बघता का?”

मावशींनी ते कानाला लावले, उघडले आणि पायमशीनच्या दोऱ्याची ताणाची स्प्रिंग कापून त्यात बसवली. कमान खटकन मिटली. हवालदार खूश होऊन हात पुढे करून उभे राहिले. मावशी रीळ देईनात.

“मशीन दुरुस्त केली की चिंधीवर टीप मारून बघते मी. चालवून बघितल्याबिगर दुरुस्त झालं म्हनू न्हाई.”

“मंग चला की पुलावर!”

“चला,” मावशी म्हणाल्या, आणि दुकानाला कुलूप लावले.

अशा रीतीने त्यांची पुलावरची ये-जा सुरू झाली. गळाशी नऊवारीतली बाई पाहून आधी लोक हसले. मग आपापली बिघडलेली रिळे घेऊन त्यांच्यामागे उभे राहू लागले.

जुने रीळ निवडावे कसे, याबद्दल मावशींची मते ठाम होती. “रंग उडालेलं घ्यावं, रंग दिलेलं घेऊ न्हाई,” असे त्या सांगत. नव्या रंगाखाली तडा लपतो. हँडल जोरात फिरवून दाखवणाऱ्या दुकानदाराकडून त्या काही घेत नसत. जोरात सगळेच गोड वाजते, खोड कळते ती हळू फिरवल्यावर. दोरी ज्या रोलरवरून जाते त्यावर नख फिरवून त्या चर पडला आहे का पाहत, कारण तो चर दोरी कापतो. आणलेले रीळ रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवत. आतले ग्रीस काकवीसारखे घट्ट झालेले असे, ते सुटे. मोठा मासा ओढू लागला की दोरी थोडी थोडी सोडणारा ब्रेक असतो, त्यातल्या चामड्याच्या चकत्या कडक झालेल्या असत. त्यांच्या जागी त्या शिलाई मशीनवर दोऱ्याच्या रिळाखाली असते तसली जाड लोकरी चकती कापून तेलात भिजवून घालत. मोबाईलवर व्हिडिओ पाहून आलेली मुले नवी नावे सांगत, त्या ऐकून घेत. त्यांचे काम त्यांच्या पद्धतीनेच चाले.

त्यांचा एक नियम होता. कोणत्याही यंत्रातला भाग त्या बदलत, पण काढून टाकत नसत, आणि नवा भाग जुन्याची हुबेहूब नक्कल असे. “बनवनाऱ्यानं केलं ते कशासाठी तरी केलं. आपन कोन शहाने?” हे वाक्य मी त्यांच्या दुकानात कितीदा ऐकले, सांगता येणार नाही.

मग हवालदारांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचाही राहिली. डावा हात मात्र खांद्यापासून लोंबता झाला आणि डावा पाय फरफटू लागला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. हवालदार खाटेवरून उठत नव्हते. भेटायला आलेल्यांकडे पाठ करून झोपत. त्यांचा मोठा आवाज बंद झाला, हे त्यांच्या घरापेक्षा गल्लीला आधी जाणवले.

एका दुपारी त्यांच्या पत्नी गळाची काठी आणि रीळ घेऊन मावशींच्या दुकानात आल्या. मी तिथेच बसलो होतो.

“कुनालाबी देऊन टाका मावशी. भितीला टेकवलेलं दिसलं की तोंड फिरवत्यात. डॉक्टर म्हनत्यात, असंच पडून राहिले तर पाय बी जाईल. उठतच न्हाईत वो. मानूस जित्तं हाय आन् घरात न्हाई.”

“देते कुनाला तरी,” मावशी म्हणाल्या.

त्या गेल्यावर मावशींनी डावा हात पदरात बांधला आणि एका उजव्या हाताने रीळ वापरून पाहिले. गळ फेकता येईना, कारण काठी धरलेल्या हाताने कमान उघडता येत नाही. फेकला असता तरी हँडल डावीकडे. बराच वेळ त्या तशाच बांधलेल्या हाताने बसून होत्या. एक गिऱ्हाईक बाई आली तर तिला म्हणाल्या, “उद्या ये गं. आज एकच हात हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तारेची कमान कापून टाकली. इतक्या वर्षांत कुठल्याही यंत्रातून त्यांनी भाग काढून टाकल्याचे मी पाहिले नव्हते. कमान गेल्यावर वाटीच्या कडेला फक्त तो छोटा रोलर उरला. आता दोरी तर्जनीने रोलरवरून उचलायची, गळ फेकायचा आणि तर्जनीनेच दोरी परत रोलरवर ठेवायची. एका हाताचे काम झाले. पुलाच्या कठड्याला बांधायला त्यांनी लोखंडी पाइपचा तुकडा तिरपा वेल्ड करून घेतला. फेकून झाले की काठी त्यात खोचायची आणि हात मोकळा करायचा. उरले हँडल. ते उजवीकडे नेण्यासाठी त्या लेथवाल्याकडे गेल्या. त्याने मूळ हँडल निरखले.

“मावशी, ह्याला उलटे आटे हायत. नव्याला बी उलटेच पाडू?”

“हुते तसेच पाड. बनवनाऱ्याला अक्कल हुती.”

हवालदारांना पुलावर आणणे हे त्याहून अवघड काम होते. मावशी त्यांच्या खाटेशी जाऊन उभ्या राहिल्या.

“हवालदार, रीळ दुरुस्त केलंय. चालवून बघायचंय.”

“तुमीच बघा,” भिंतीकडे तोंड करून उत्तर आले.

“मला दोन हात हायत. मी चालवलं तर कळनार न्हाई.”

हवालदारांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. मग हवालदार म्हणाले, “लई निर्दयी बाई हाय ही,” आणि पत्नीकडे सदरा मागितला.

सकाळी आम्ही त्यांना रिक्षातून नेले. पुलावर ते माझ्या खांद्याला धरून चालले, वाटेत दोनदा परत फिरायला निघाले. पहिली फेक पायाशीच पडली. दुसरी वाऱ्याने वाकडी गेली. तिसरी सरळ, लांब, पूर्वीसारखी गेली. त्यांनी काठी पाइपात खोचली आणि पाण्याकडे पाहत राहिले. त्यांच्या पत्नी लांब उभ्या होत्या. त्या जवळ येईनात.

थोड्या वेळाने काठी वाकली. हवालदारांनी दोरी रोलरवर ठेवली आणि हँडल फिरवायला घेतले. मासा जड होता. ते ताकदीने फिरवत होते, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर हँडल थोडे थोडे सैल होत होते. हे कुणाच्याच लक्षात आले नाही. मग ते त्यांच्या मुठीत निखळून आले, हातातून निसटले आणि पुलाच्या जाळीतून खाली पाण्यात गेले.

“मावशीऽऽ! अवो हँडल गेलं!”

त्या आवाजाने कठड्यावरचे बगळे उडाले. आजारपणानंतर तो आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

“उभ्या काय राहिलात? हातानं फिरवा! ती वाटी फिरवा! ढील देऊ नका, ढील देऊ नका म्हनतो ना!”

मावशी शिलाई मशीनचे चाक फिरवावे तशी वाटी बोटांनी फिरवू लागल्या. मी हातजाळे घेऊन वाकलो. हवालदार काठीवर छातीने रेलून हुकूम सोडत होते. मासा पुलाच्या खांबापर्यंत आला, त्याची रुंद पाठ एकदा दिसली, आणि दोरी तुटली.

हवालदारांनी मावशींकडे पाहिले. “मशिनीला बी असंच हँडल बसवता व्हय? बायकांचे झंपर अर्धेच शिवून हुत असतील गावात!”

मावशी हँडलच्या रिकाम्या भोकात बोट घालून उभ्या होत्या. “डाव्या बाजूला उलटे आटे फिरवल्यावर आवळतात,” त्या सावकाश म्हणाल्या. “उजव्या बाजूला सुटतात. मी तसेच ठिवले.” मग त्यांना हसू आले. हवालदारही हसले. त्यांच्या पत्नी मात्र पदर डोळ्यांना लावून तोंड फिरवून उभ्या राहिल्या. परतताना हवालदारांनी माझा खांदा धरला, पण माशाचे वर्णन करण्याच्या भरात तो मध्येच सोडून दिला आणि चार पावले तसेच गेले. रिक्षात बसेपर्यंत मासा बराच मोठा झाला होता.

त्यानंतर काही दिवसांनी हवालदार काठी टेकत स्वतःच दुकानाच्या पायरीशी आले. घामाने भिजलेले होते. पायरी चढायला मागून आलेल्या पत्नी हात देऊ लागल्या तर त्यांना झिडकारले.

“हँडल झालं का?”

झाले होते. या वेळी सरळ आटे पाडलेले होते. हवालदारांनी ते बसवून, फिरवून, ओढून, हिसडून पाहिले. मावशींनी त्यांना स्टूल दिले. पुढे ते स्टूल त्यांचेच झाले. रोज चालत यायचे, तिथे बसून मावशींच्या कामात खोट काढायची, आणि आठवड्यातून काही सकाळी पुलावर जायचे, असे त्यांचे सुरू झाले.

मावशींच्या नियमात मात्र तेव्हापासून भर पडली. “बनवनाऱ्यानं केलं ते बरोबरच हुतं,” त्या सांगत. “पर त्यानं डाव्या बाजूसाठी केलं हुतं. बाजू आपन बदलली. मंग बाकीचं बी बदलाया पायजे.” त्या हे रिळांबद्दलच बोलत असत. मी मात्र इतर बाबतीतही हे वाक्य अनेकदा वापरले आहे. एकदा मिरजगावहून एक तरुण आला. उसाच्या चरकात त्याची बोटे गेली होती. मावशींनी त्याचा हात स्वतःच्या हातात घेऊन राहिलेली बोटे एकेक वाकवून पाहिली आणि मग त्याच्या रिळाचे हँडल लाकडी, जाड, तळहातात मावेल असे केले. त्यासाठी त्यांनी कुणाची नक्कल केली नाही.

गेल्या वर्षी त्यांना डोळ्यांनी बारीक काम दिसेनासे झाले. मुलगा नाशिकला असतो, तो न्यायला आला. मशिनी गावातल्या शिवणवर्गाला दिल्या गेल्या, रिळे पुलावरच्यांनी वाटून घेतली. टेम्पोत सामान चढल्यावर मावशी म्हणाल्या, “हवालदारांना भेटून येते,” आणि मला बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

हवालदारांच्या पत्नी दारात आल्या आणि ओशाळल्या. “अगं बाई, मावशी! ते तर सकाळीच गेले वो धरनावर. एकटेच गेले रिक्षानं. मी म्हनलं हुतं, आज मावशी जायच्या हायत, थांबा. तर म्हनले, येतो लगीच. कशाचं लगीच! फोन करू का?”

मावशींनी उंबऱ्यातूनच आत पाहिले. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती आणि तिच्या जागी धान्य वाळत घातले होते.

“नको करू फोन,” त्या म्हणाल्या. “ओढत असतील काहीतरी. हात मोकळा नसंल.”

टेम्पोच्या चालकाने हॉर्न वाजवला. मावशींनी हवालदारीणबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. “घरात सापडले न्हाईत, लई बरं झालं,” असे त्या म्हणाल्या, आणि भराभर चालत जाऊन टेम्पोत बसल्या.