शिरीषाच्या बेचक्यातलं सिमेंट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, चळवळीतल्या एकाही माणसाजवळ नाही. आत्ता लिहायला बसले तर आधी उठून दाराला कडी घालून आले – आणि घरात कुणीच नाही. कशाला घाबरले? कागदाला? कॉलेज सोडल्यापासून मी कागदावर दुसऱ्यांचे गुन्हे छापत आले आहे. जाब द्या, माफी मागा, लाज वाटत नाही का – ही वाक्यं मला झोपेतही येतात. स्वतःबद्दलचं एक साधं वाक्य लिहायचं तर पेन खाली ठेवते.

आमचं गाव विटा आणि पलूस यांच्या मधलं. नाव लिहीत नाही. हीसुद्धा भीतीच, दुसरं काही नाही.

चळवळ कशी सुरू झाली ते आधी सांगते. ते सांगायला मला भीती वाटत नाही. विजेच्या तारांना लागतात म्हणून आमच्या रस्त्याची झाडं कुणीतरी कोयत्यानं बोडकी केली होती. छाटणी नव्हेच ती – कत्तल! नुसते खुंट उभे, साली सोललेल्या, त्यातून पाणी गळतंय. मी पेटले. पत्रक काढलं: "यापुढं एकही फांदी तुटू देणार नाही." लोकांना ते वाक्य आवडलं. मलाही फार आवडलं. इतकं, की पुढं त्या वाक्याची राखण हेच माझं काम होऊन बसलं – झाडांची राखण मागं पडली. पण हे मला तेव्हा कळलं होतं का? थोडंसं कळलं होतं.

बाजारतळावर एक विलायती शिरीष होता. त्याच्याखाली बिल्किसभाभी बांगड्यांची पाटी घेऊन बसायची. अख्ख्या गावातल्या बायकांचे हात तिच्या हाताखालून गेलेले. मी पत्रकं घेऊन आले की लांबूनच ओरडायची, "आली बघा झाडाची सासू! अगं, तुज्या झाडावरची पाखरं लय हागत्यात माज्या डोस्क्यावर. त्यास्नी बी एक पत्रक दे की!"

एकदा, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारत होतो तेव्हा, मी शिडीवर होते. शिरीषाच्या बेचक्यात, जिथून बाजाराकडं जाणारी जाड फांदी फुटते, तिथं अळंब्या उगवल्या होत्या – तपकिरी, कडक, एकावर एक. एक ओढली तर मागं भोक. भोकात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला आणि मुठीत ओला भुसा आला.

मी खाली बघितलं. भाभी एका पोरीला बांगड्या भरत होती. फांदी बरोबर तिच्या डोक्यावर होती.

मी काय केलं असेल? खाली उतरून सगळ्यांना सांगितलं? नाही. चार दिवसांनी ग्रामपंचायतीनं बोलावलेले शिंदेसर सांगलीहून येणार होते – झाडं तपासून शास्त्रशुद्ध छाटणी करणारे. त्यांना हे भोक दिसलं, की ते फांदी काढणार, आणि माझं वाक्य खोटं पडणार. बाजार नव्हता त्या दिवशी मी घरच्या बांधकामावरचं सिमेंट घमेल्यात कालवून नेलं, वर गेरूचा डबा ठेवला. अळंब्या खरवडून काढल्या. दाढ भरतात तसं भोक भरलं. वरून गेरू फासला. कुणीतरी खालून म्हणालं, "बेस दिसतंय, ताई." मी हसले.

सिमेंटनं झाड वाचत नाही. आत पाणी अडतं आणि कूज वाढते. हे मी नंतर वाचलं. पण आधी माहीत असतं तर मी केलं नसतं? – मी झाड वाचवायला ते केलंच नव्हतं.

शिंदेसर दोर, शिरस्त्राण, करवती घेऊन आले. आम्ही खोडाभोवती साखळी करून उभे. भाभीसुद्धा साखळीत, तोंडात पान. "सायेब, आमची सावली कापून सांगलीला नेता व्हय?" सगळे हसले. सरही हसले. म्हणाले, "झाड पाडायचं नाही हो, मावशी. ही एकच फांदी बाजारावर फार लांब गेलीय. टोकाकडनं हलकी करू. बाकी झाडाला हातही लावत नाही." आम्ही त्यांना शिडी लावू दिली नाही. मग ते माझ्याजवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, तुम्ही कायम झाडाजवळ असता. बेचक्यात कुठं पोकळ-बिकळ आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "ठणठणीत आहे."

ते निघून गेले. आम्ही पेढे वाटले.

त्या दिवसापासून वारा मला कळायला लागला. घरात आजारी माणूस असलं की त्याचा खोकला कळतो तसा. पान हललं तरी मी वर बघायची. भाभीला दोनदा म्हणाले, "जरा पलीकडं बसत जा, ऊन चांगलं." ती म्हणाली, "येडी हाय का काय? झाड वाचवलंस आन् मला उन्हात बसवतीस?" बोलता आलं असतं. एक वाक्य होतं. ते तोंडापर्यंत यायचं आणि मी गिळायची.

वळवाचा वारा भर बाजारात सुटला. मी समोरच्या चहाच्या टपरीवर होते. आवाज मोठा नव्हता – ओलं कापड फाटावं तसा. फांदी बेचक्यातून उखडून खाली आली. भाभीचा डावा हात तिच्याखाली सापडला.

मधलं नंतर सांगते.

भाभीचा हात मनगटापासून गेला. बांगडी भरायला दोन हात लागतात – एकानं पंजा दाबायचा, दुसऱ्यानं काकण सरकवायचं. आता पाटीवर सून बसते. उरलेलं झाड धोक्याचं म्हणून मुळापासून पाडलं. आणि मी पत्रक काढलं. हो, काढलं. "पाहणी करूनही तज्ज्ञ गप्प का बसले?" असा मथळा. आमच्या साखळीचं, न लावू दिलेल्या शिडीचं त्यात एक अक्षर नव्हतं. शिंदेसरांना परत आमच्या भागात कुणी बोलावलं नाही. ते एकदाही उलट बोलले नाहीत. मी फोन वाजला की दचकायची – ते असतील, ते म्हणतील, ताई, मी विचारलं होतं ना? फोन कधी आला नाही. आजही वाट बघते, आजही तो येऊ नये असं वाटतं.

भाभी मात्र सगळ्यांना सांगते. आमच्या वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात तिला हौसेनं बोलावतात, माईक देतात. ती म्हणते, "लोकं पळत हुती तिकडं, लांब. ही पोरगी एकटी माज्याकडं पळत आली. सगळ्यांच्या आदी. मी डोळ्यांनी बघितलं." टाळ्या पडतात. ती असं सांगताना माझ्याकडं बघते ना – तेव्हा मला वाटतं, हिला सगळं माहीत आहे. मग वाटतं, नाही, हिला काहीच माहीत नाही. दोन्हीची भीती सारखीच.

आता ते मधलं.

मी पळाले हे खरं आहे. फांदी उखडली तेव्हा सिमेंटचा गोळा निखळून बाहेर पडला होता. नारळाएवढा. एका अंगाला माझा गेरू, दुसऱ्या अंगाला भुसा. तो भाभीच्या पलीकडं, फुटलेल्या बांगड्यांच्या काचेत पडला होता, आणि मला टपरीवरून तोच दिसला. आधी तोच दिसला. मी तो उचलला, पत्रकांच्या पिशवीत घातला, वर पत्रकं सारखी केली. मग मागं वळून किंचाळले, "धावा, धावा!" लोक आले ते त्यानंतर. गोळा संध्याकाळी येरळेच्या पुलावरून टाकला. नदीला पाणी नव्हतं. तो वाळूत पडून वर बघत राहिला, तशी खाली उतरून वाळूनं झाकून आले.

पण हेही नाही. मला लिहायचं होतं ते हेही नाही.

भाभीचा उजवा हात मोकळा होता. तो तिनं माझ्या दिशेनं वर केला होता. "पोरी" म्हणाली. मी त्या हाताला वळसा घालून पुढं गेले.