श्रावणातलं एगुसी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आज मात्र पुरतं सांगूनच उठणार आहे.

कल्याणच्या आमच्या बिल्डिंगीत, समोरच्या दारात फोलाके भाड्याने राहायची. नायजेरियातली योरुबा मुलगी, ठाण्याला कॉलेजात शिकायला आलेली. तिच्याशी आधी बोललं कोण? मीच — आणि तेही वासामुळे. ती एगुसी करायची : लाल पामतेलात मिरची परतून, मगजबी वाटून लावून, पालक घालून दाटसर कालवण. तिकडची सुकी कोळंबी इथे मिळेना, म्हणून मी आपले सोडे आणून दिले. मग काय, माझ्या मालवणच्या माहेरचाच वास. डब्यांची देवाणघेवाण सुरू झाली. डबा रिकामा परत करायचा नसतो, हेही मीच तिला शिकवलं.

श्रावण लागला. सासूबाईंच्या शिरस्त्याप्रमाणे घरात महिनाभर मासळी बंद. आणि मी, पन्नाशीची बाई — जीभ आवरेना. मीच तिला म्हटलं, आमच्या सासूबाईंना महिनाभर चालत नाही, तू सोडे घालून कर ना आज. तिच्या ओट्याशी उभी राहून, रव्याच्या घट्ट गोळ्याबरोबर बोटं चाटत खाल्लं. खोटं कशाला बोलू, फार सुख वाटलं.

वास जिनाभर पसरला. रविवारी सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरींनी मलाच विचारलं, "वहिनी, तुम्ही समोरच राहता. श्रावणात हे बरं दिसतं का?" शेजारी सासूबाई. कोपऱ्यात फोलाके — मराठी कळत नव्हती, पण सगळे आपल्याकडे बघताहेत हे कळत होतं. मला काय बोलायचं होतं? 'मीच करायला सांगितलं' — एवढंच ना?

मी म्हणाले, "आम्हाला तर दार लावून बसावं लागतं."

घरमालकाने तिला जागा सोडायला लावली, परीक्षा तोंडावर असताना. काय चुकलं, हे ती मलाच विचारायला आली. मी म्हटलं, लोग ऐसेही होते हैं. तिने विश्वास ठेवला.

शहाडला मैत्रिणीकडे जायला निघाली, तेव्हा माझा डबा द्यायला आली. रिकामा नव्हता. "इसमें सोडे नहीं डाले, काकू," म्हणाली. "माँजी को भी चलेगा."

मी डबा घेतला आणि दार लावलं.

कल्याणहून शहाड किती लांब? रिक्षाने जाता येतं. मी गेले नाही.