कुत्रीचा मुराळी

भवानीनगरला रस्त्याकडंला माझा अंडाभुर्जीचा गाडा हाय. गाड्याखाली माझी पाळलेली कोंबडी बसती. गिऱ्हाईक खाता खाता खाली बघतंय आन् इचारतंय, "तिच्यासमोरच तिची लेकरं तळतोस व्हय रं?" मी म्हणतो, "तिला बी लेकरं न्हाईत, आमाला बी न्हाईत, म्हणून तर आमचं जमतंय." गिऱ्हाईक हसतंय. हसलं की एक पाव जास्त खातंय. माझा धंदा निम्मा अंड्यावर चालतो आन् निम्मा माझ्या अब्रूवर.

अब्रू तशी डीजेतच गेली. लग्नसराईत लई पैसा हाय असं आयकलं आन् कर्ज काढून डीजेचा संच घेतला. कुठली वायर कुठं लावायची ते कळत न्हवतं, पण संचाम्होरं उभं ऱ्हाऊन मिशीला पीळ द्यायचं कळत होतं. दुसऱ्याच लग्नात नवरदेव मांडवात यायच्या आत खोक्यातनं धूर निघाला. लोकांना वाटलं नवीन मशीन आणलंय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणून मी बी वाजवल्या. धूर इझला, हप्ता ऱ्हायला.

बायको त्या दिवशी काय बोलली न्हाय. दुसऱ्या दिवसापास्नं बारामतीला एका खानावळीत चपात्या लाटायला जायला लागली. म्हणली, "आदी हप्ता, मग घर, मग तुमची हौस." माझी हौस अजून रांगंतच उभी हाय.

बोलली ती सासू. सासूबाय पळसदेवच्या. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "जावाय, माझी लेक सवताच्या उंबऱ्यात बसंल, तवाच मी तुमच्याकडं पाणी प्यायला यीन." म्हातारी शब्दाची पक्की. त्यानंतर एकदा बी आली न्हाय. बायको कुणाच्या घरात म्हातारी आय बसलेली बघायची आन् घरी आल्यावर उगंच भांडी घासायची, घासलेलीच. तिला घर कशाला पायजे होतं ते मला त्या भांड्यांवरनं कळलं.

पिंपळीला एक गुंठा जागा बोलून ठेवली होती. हप्ता भरून त्याच्यासाठी बी साठवायचं तर भाडं कमी पायजे. कमी भाड्याची खोली घावली. मालक तात्यांनी इचारलं, "किती माणसं?"

मी म्हणलं, "चौघं."

"पोरं दिसत न्हाईत?"

"येत्यात की मागनं."

मागनं बायको आली. एका काखंत टोपलीतली कोंबडी, आन् दुसऱ्या हातात दोरी, दोरीला कुत्री. कुत्री बारकी असताना गाड्याजवळ आलती, एक कान पडलेला. बायको तिला बाय म्हणायची.

तात्यांनी टोपलीत वाकून बघितलं, दोरी बघितली. मग म्हणलं, "कोंबडी ऱ्हाऊ द्या. कुत्री न्हाय. घरात सून बाळतीण हाय."

तात्यांची मालकीण आतनं म्हणली, "आन् कोंबडीचं रोज एक अंडं आमाला."

दुसरी खोली बघितली तर भाड्यातच पिंपळीचा गुंठा वाहून जात होता. म्हणून बायला पळसदेवला सासूकडं ठेवायचं ठरलं.

मी आन् बाय एसटीच्या नादाला न लागता मोटारसायकलवर गेलो. उन्हाळा होता, धरणाचं पाणी उतरलंतं, त्यात बुडलेलं जुनं देऊळ पार उघडं पडलंतं. मेव्हण्यानं तिला चिलापी माशाचं डोकं टाकलं. बायनं डोकं खाल्लं, आणखी एक मागितलं, आन् मी निघालो तरी माझ्याकडं बघितलं बी न्हाय. मला वाटलंतं ती रडंल. रडलो मी.

मेव्हणा म्हणला, "दाजी, डोळ्यात काय गेलं?"

"कांदा चिरून आलोय सकाळी."

"तीस किलोमीटर आल्यावर झोंबतोय व्हय?"

सासूबाय म्हणल्या, "लेक सासरी दिल्यागत करतोय रं हा." मेव्हण्यानं ते धरून ठेवलं. रोज फोन केला की, "तुमची लेक नांदतीया बरं का. पंचमीला मुराळी कोण येणार?"

मुराळी म्हंजी लेकीला सासरवरनं म्हायेरी आणायला जाणारा माणूस, भाऊ न्हायतर बाप. मेव्हण्यानं ते चेष्टंत म्हणलं. पण बायकोनं ते मनावर घेतलं. म्हणली, "घर झालं की तुमी मुराळी जायचं." रोज सांजच्याला फोनवर बायला बघायची, "बाय, बाय" म्हणायची. बाय फोनच्या मागं जाऊन हुंगायची, आमी तितं लपलोय का बघायला.

हिकडं माझा आन् कोंबडीचा घोळ वायलाच. कोंबडी म्हातारी, अंडं घालायचं इसरलेली. मी रोज गाड्यावरच्या ट्रेमधलं एक अंडं काढून मालकिणीला द्यायचो. शिकल्याला माणूस असता तर ध्यानात आलं असतं. कोंबडी गावरान, लाल. अंडी पोल्ट्रीतली, पांढरीफेक. लई दिवसांनी मालकीण अंडं हातात फिरवत म्हणली, "तुमची कोंबडी कामाला जाती काय वो पोल्ट्रीत?" मी जिमिनीकडं बघितलं. ती म्हणली, "पहिल्या दिवसापास्नं म्हायती हाय मला. द्या तसंच. सुनंला लागत्यात."

मधी पंचम्या आल्या आन् गेल्या. बायको फोनवर बायला म्हणायची, "थोडं थांब गं." मला वाटायचं, घर होईस्तवर ही आमाला वळखंल का न्हाय. कुत्र्याचं आयुष्य ते केवढं.

मग हप्ता फिटला. शेवटचा हप्ता भरून बायको आली आन् निस्ती बसली. मी म्हणलं, "चहा करू का?" म्हणली, "करा. आन् मिशीला पीळ देऊ नका."

गुंठा झाला. त्याच्यावर दोन खोल्या झाल्या, वरनं पत्रा, इटा उघड्या. गिलाव्याला पैसं उरलं न्हाईत. मागचं दार बी ऱ्हायलंतं, तवा मी डीजेच्या खोक्याचं प्लायवूड काढून ठोकलं. स्पीकरचं गोल भोक खालच्या अंगाला तसंच ऱ्हायलं. बायको म्हणली, "ऱ्हाऊ द्या. बाय तितनं येईल-जाईल." त्या संचाचा एवढाच फायदा झाला.

पंचमी आली. मी म्हणलं, "आयला बी बोलवू का?" बायको म्हणली, "न्हाय. गिलावा न्हाय, कायच न्हाय. तिला नावं ठिवायला आणू का? निस्ती बायला आणा." आन् परत घासलेली भांडी घासायला लागली.

अंडीवाल्याचा छोटा हत्ती टेम्पो मागून घेतला. डोक्यावर पांढरी टोपी घातली, खिशात बिस्किटाचा पुडा. पळसदेवला पोचलो तर सासूबाय पडवीत भाकरी मोडत होत्या. एक घास सवताला, एक बायला.

मेव्हणा म्हणला, "आलं गं मुराळी."

बायनं मला वळखलं. असं वळखलं की टोपी चिखलात गेली. हात-तोंड सगळं चाटून झालं, आन् मग परत जाऊन म्हातारीच्या पायाजवळ बसली.

"न्या की," सासूबाय म्हणल्या, "तुमचीच हाय." म्हणताना तोंड धरणाकडं होतं.

मी बायला उचलून गाडीत ठेवलं. ती उडी मारून म्हातारीकडं गेली. परत ठेवलं, परत गेली. बिस्किट दाखवलं, तर बिस्किट तेवढं घेऊन गेली.

"दाजी, सासर सोडंना ही," मेव्हणा म्हणला.

मी पार दमून खाली बसलो. तिकडं बायको दारात वाट बघत असणार. हिकडं ही म्हातारी, जिच्या ताटाजवळ उद्यापास्नं कोण बसणार न्हवतं. दोघींच्या मधी मी, चिखलाची टोपी घेऊन.

सासूबायनी इचारलं, "उंबरा झाला का?"

"झाला. गिलावा न्हाय."

"उंबऱ्याला कुठं गिलावा असतोय, येड्या." आन् आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. बाहीर आल्या तर हातात गाठोडं. "लेकीला सोडायला कुणालातरी जावं लागतंय. चार दिस ऱ्हाते." त्या पुढच्या सीटवर बसल्या, आन् बाय उडी मारून त्यांच्या पायाशी. मला कुणी इचारलं न्हाय.

पिंपळीला बायको दारात उभी होती, बायवरनं ओवाळून टाकायला भाकरतुकडा आन् पाणी घेऊन. गाडीतनं आदी बाय उतरली. मग गाठोडं. मग आय. बायकोचा हात तसाच वर ऱ्हायला.

"अगं, ओवाळ की," सासूबाय म्हणल्या, "आदी तिच्यावरनं. ती दमून आलीया."

बायकोनं दोघींवरनं ओवाळलं. तुकडा टाकायच्या आत बायनं तो हातातनंच खाल्ला, दिष्टीसकट.

सासूबाय उंबऱ्यात बसल्या. उघड्या इटांवरनं हात फिरवला. बायकोनं तोंडाला पदर लावला.

"तिला काय सुचायचं न्हाय आता," सासूबाय मला म्हणल्या. "जावाय, पाणी आणा."

मी तांब्या आणायला आत पळालो आन् माझ्याच उंबऱ्याला ठेचकळून तोंडावर पडलो. मागच्या दाराच्या भोकातनं कोंबडी बघत होती.