लिंबापासून बाजेपर्यंत

आईच्या नजरेच्या कडा आधी गेल्या. काचबिंदूत असंच होतं, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. मधलं दिसत राहतं, कडा हळूहळू विझत येतात आणि माणसाला ते कळतही नाही. आईला कळलं ते आभाळाकडे पाहताना.

नव्वदीच्या दशकातला तो एक उन्हाळा. डोळ्यांच्या औषधासाठी ती आष्टीहून माझ्याकडे जालन्याला आली होती. मस्तगडला वरच्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या होत्या आणि मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. जेवणं झाली की आम्ही गच्चीवर चटई टाकायचो. एमआयडीसीच्या बाजूला लोखंडाच्या कारखान्यांचा तांबूस उजेड आभाळाला लागलेला असे. उत्तरेला थोडा अंधार शिल्लक होता. आई तिकडे तोंड करून बसली होती आणि मान सारखी इकडून तिकडे वळवत होती. काय शोधतेस, असं मी विचारलं.

"बाज बघून राह्यले," ती म्हणाली. "चोर दिसले तर बाज दिसत न्हाई. बाज दिसली तर चोर पळून जातात."

पुस्तकांत ज्यांना सप्तर्षी म्हणतात, त्यांना आमच्याकडे बाज म्हणतात. चौकोनाचे चार तारे म्हणजे एका म्हातारीच्या बाजेचे चार खूर, आणि शेपटीचे तीन म्हणजे ती बाज चोरायला आलेले चोर. म्हातारी झोपत नाही म्हणून चोरांना बाज उचलता येत नाही. चोर जात नाहीत म्हणून म्हातारीला झोपता येत नाही. आष्टीच्या घराला माळवद होतं, मातीचं सपाट छत. उन्हाळाभर आम्ही त्यावर झोपायचो आणि ही गोष्ट संपायच्या आत माझा डोळा लागायचा. पुढे वर्गात सप्तर्षी शिकवताना फळ्यावर मी सात ठिपके काढी, पण मनात त्यांना खूर आणि चोरच म्हणे.

गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या रात्री आई झोपल्यावर मी ठरवलं की ती नजर मिटायच्या आत तिला एकदा अख्खी बाज दिसली पाहिजे, चारही खूर आणि तिन्ही चोर एका वेळी. आभाळ तिच्या नजरेत मावत नसेल तर ते कागदावर आणून तिच्या हातात द्यावं.

शाळेच्या सहलींसाठी घेतलेला एक कॅमेरा माझ्याकडे होता. त्याच्यासोबत आलेली पन्नास मिलिमीटरची लेन्स माणसांसाठी चांगली होती. पुढच्याच शनिवार-रविवारी आष्टीला जाऊन त्याच लेन्सने मी बाजेचा फोटो काढला. सातही तारे आले. फोटो हातात घेऊन आईने तो पुष्कळ वेळ डोळ्यांसमोर फिरवला आणि मग विचारलं, "ही कोणाची बाज? खाली लिंब कुठाय?"

लिंब म्हणजे आमच्या घरामागचं कडुनिंबाचं झाड. वैशाखात जेवणं आटोपण्याच्या सुमाराला बाज त्याच्या बरोबर वर येऊन उभी राहते. आईने आयुष्यभर आधी लिंब पाहिला आणि मग बाज. लिंबाशिवाय ते कुठलेही सात ठिपके होते. तिचं म्हणणं मला पटलं. नकाशाला कुठूनतरी सुरुवात लागते.

म्हणजे जमिनीपासून बाजेपर्यंतचं सगळं एका चौकटीत बसवायचं होतं, आणि त्यासाठी रुंद नजरेची लेन्स हवी होती. मस्तगडलाच एक जुना स्टुडिओ होता. त्याचे वयस्कर मालक लग्नाचे फोटो काढत आणि काळ्या-पांढऱ्या फोटोंची धुलाई-छपाई स्वतःच्या अंधाऱ्या खोलीत करत. त्यांच्याकडे पस्तीस आणि अठ्ठावीस अशा दोन लेन्स होत्या. आकडा जितका लहान तितकं जास्त मावतं. चोवीसचीही मिळते, पण तिच्यासाठी औरंगाबादला जावं लागेल, असं ते म्हणाले. अठ्ठावीसची लेन्स त्यांना काढूनच टाकायची होती. लहान खोलीत अख्खं वऱ्हाड मावावं म्हणून त्यांनी ती घेतली होती. पण कडेला उभी राहिलेली नवरीची मावशी फोटोत दुप्पट रुंद झाली. मावशी अल्बम घेऊन स्टुडिओत आल्या आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्यांनी विचारलं, की माझं वजन तुम्ही केलं का?

"आभाळाला मावशी न्हाई ना मॅडम," ते म्हणाले. "बिनधास्त घ्या."

मला मात्र घाई करवत नव्हती. पुस्तक वाचणाऱ्या माणसाची सवय, आधी कागदावर पाहायचं. मी पुठ्ठ्याला फिल्मच्या आकाराच्या पाचपट खिडकी कापली आणि तिला एक दोरा बांधला. दोऱ्याला तीन गाठी मारल्या, तिन्ही लेन्सच्या मापांच्या पाचपट अंतरावर एकेक. गाठ डोळ्याशी धरून दोरा ताणला की त्या लेन्सला जेवढं दिसेल तेवढंच खिडकीतून दिसतं. पुढच्या खेपेला आईला सोबत नेलं आणि आष्टीच्या माळवदावर मी पुठ्ठा उभा धरून तिन्ही गाठी पाहिल्या. पस्तीसच्या गाठीला बाज आली तर लिंबाचा शेंडा तेवढा खाली उरे, बुंधा जाई. चोवीसच्या गाठीला सगळं ऐसपैस मावे, पण बाज एवढीशी होई की कुणी दूर नेऊन ठेवल्यासारखी वाटे. अठ्ठावीसच्या गाठीला माळवदाचा कठडा, अख्खा लिंब आणि वर बाज, सगळं जेमतेम, अंग चोरून बसलेल्या पाहुण्यांसारखं मावलं.

आई शेजारी बसली होती. काय चाललंय, बघू, म्हणून तिने पुठ्ठा हातात घेतला. मी दोरा तिच्या डोळ्याशी धरायला गेले तर तिने तो सोडून दिला आणि खिडकी दूर नेत नेत हात पूर्ण लांब केला. मग दुसऱ्या हाताचा पंजा खिडकीवर ठेवून तिने अर्धी खिडकी झाकली.

"माझं एवढंच राह्यलंय, बाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी आकृत्या काढून जे सांगितलं होतं ते मला तेव्हा समजलं. मी तिच्या हातावर हात ठेवला. मग ती म्हणाली, की मधलीच गाठ घे, लिंब तोडू नको.

अठ्ठावीसची लेन्स मी घेतली. जालन्याच्या गच्चीवरून एक रोल आधी चाचणीसाठी संपवला. मधले तारे टाचणीच्या टोकासारखे आले होते, कडेच्या ताऱ्यांना मात्र चिमण्यांसारखे पंख फुटले होते. स्टुडिओवाले हसून म्हणाले, मावशी आल्या बघा. त्यांनीच सुचवलं की लेन्सचं तोंड एक घर बारीक करा. तसं केल्यावर पंख मिटले.

वैशाख संपायच्या आत आम्ही दोघी आष्टीला गेलो. गावात रोज संध्याकाळनंतर लाइट जायची, आणि त्या दिवशी नेमकी जाईना. धाकटा भाऊ खालून म्हणाला, "सारं गाव लाइटीची वाट बघतंय, अन् ताई लाइट जायची वाट बघून राह्यली." थोड्या वेळाने ती गेली. गल्लीचा दिवा विझला, भिंती विझल्या, आणि आभाळ एकदम माळवदापर्यंत खाली आलं. लिंब काळा आणि स्तब्ध होता. त्याच्या वर बाज उभी होती. वारा नव्हता. खालून गुरांच्या चघळण्याचा आवाज तेवढा येत होता, जणू रात्रच काहीतरी सावकाश चघळत होती.

कॅमेऱ्याचा पडदा बटण दाबून हाताने उघडा धरायचा होता. जास्त वेळ धरला की तारे ओढल्यासारखे लांबट येतात. लेन्स रुंद असली की थोडी जास्त सवड मिळते एवढंच. अंधारात घड्याळ दिसेना. बॅटरी लावली तर लिंब उजळला असता. आई म्हणाली, मी ओवी म्हणते, ओवी संपली की बंद कर. जात्यावर बसणं सोडून तिला कितीतरी वर्षं झाली होती. पण तिने डोळे मिटून एक ओवी म्हटली, दळताना म्हणत असे तशी, प्रत्येक ओळीच्या शेवटी जातं फिरायला जागा ठेवून. ओवी संपली. मी बोट उचललं. मग तिने दुसरी म्हटली. रोल संपेपर्यंत ती म्हणत राहिली. कॅमेरा आभाळ पाहत होता आणि मी तिच्याकडे पाहत होते. त्या माळवदावर मी पुन्हा लहान झाले होते आणि या वेळी गोष्ट संपेपर्यंत जागी होते.

रोल स्टुडिओत दिला आणि मी भिंतीवर लावण्याएवढा मोठा फोटो सांगितला. फळ्यावर अक्षर मोठं काढलं की मागच्या बाकालाही दिसतं, ही माझी शिक्षकी समजूत. फोटो आणायला गेले तर मालक जरा ओशाळलेले दिसले. मोठा फोटो सुरेख झाला होता. त्यासोबत पाकिटात आणखी एक, पोस्टकार्डाएवढा होता. त्या काळात निगेटिव्हवर धूळ बसली की फोटोत पांढरे ठिपके उमटत आणि स्टुडिओवाले ते बारीक ब्रशने शाई लावून एकेक करून भरत.

"मोठ्याच्या आधी बारका काढून पाहिला," ते म्हणाले. "मला वाटलं लय कचरा आल्ता. ब्रश घेऊन बसलो, भरून राह्यलो, भरून राह्यलो. मंग एका जागी हात थांबला. म्हटलं, ही तर बाज."

बाजेच्या आसपासचे बारीक तारे धूळ समजून शाईने भरून त्यांनी तिथलं आभाळ स्वच्छ करून टाकलं होतं. खराब झालेल्या फोटोचे पैसे नकोत, म्हणून त्यांनी तो तसाच सोबत दिला.

घरी येऊन मी मोठा फोटो आईसमोर दोन्ही हातांनी धरला. तिची मान पुन्हा गच्चीवर हलायची तशी हलू लागली. लिंब दिसला, मग लिंब गेला. एक खूर दिसला, मग कठडा. एवढा मोठा कागद तिच्यापुढे दुसरं आभाळच होऊन उभा राहिला होता. छान आहे, असं ती म्हणाली, आणि ते माझ्यासाठी म्हणाली हे मला कळलं. माझे हात दुखत होते तरी फोटो खाली ठेवावासा वाटेना.

त्या गडबडीत पाकिटातला लहान फोटो तिच्या मांडीवर पडला होता. तिने तो उचलला, हात लांब करून धरला, थोडा जवळ आणला, पुन्हा लांब नेला. मग तिची मान स्थिर झाली.



"तिन्ही हायेत," ती म्हणाली. "बाज अजून न्हाई नेली."

लिंब दिसतो का, मी विचारलं. ती म्हणाली, लिंब हाय म्हणून तर बाज हाय.

त्यानंतर दोन उन्हाळे तिला तेवढं दिसत राहिलं. मग मधलंही गेलं. तो फोटो मात्र तिने उशाखालून हलवू दिला नाही. दुपारी पडल्या पडल्या ती तो हातात घेई आणि अंगठा खालून वर नेई, कठड्यावरून लिंबावर, लिंबावरून बाजेवर. मी शाळेतून आले की विचारी, उजेड गेला का गं, आता बाज कुठवर आली असेल? मी सांगे. कधी खरं सांगे, कधी ढग असतानाही सांगे.

आईला जाऊन आता काही वर्षं झाली. ती लेन्स कपाटात आहे आणि मोठा फोटो भिंतीवर. तो चांगला आहे, असं येणारे-जाणारे म्हणतात. लहान फोटो माझ्या टेबलावर असतो. ब्रशने भरलेली शाई कागदात मुरत नाही, ती वरवरच बसलेली असते. आईचा अंगठा जिथून जिथून गेला तिथली ती पुसून निघाली आहे. लिंबाच्या शेंड्यापासून बाजेच्या खुरापर्यंत एक अंगठ्याएवढी रुंद वाट झाली आहे, आणि त्या वाटेवर तेवढे बारीक बारीक तारे परत आले आहेत.